मावशीची पैठणी, पिवळा फोन आणि डोळ्यातलं घड्याळ

मागच्या लग्नसराईत माझ्या मावशीने येवल्याच्या एका विणकराकडून पैठणी मागवली. हल्ली हा व्यवहार व्हॉट्सॲपवरच होतो. विणकराने रात्री साडेदहाला तयार साड्यांचे पाच-सहा फोटो पाठवले, मावशीने नाशिकला पंचवटीतल्या घरी पलंगावर पडल्या पडल्या ते पाहिले आणि त्यातली एक डाळिंबी साडी पक्की केली. आठवड्याने पार्सल आलं. उघडलं तर आत वांगी रंगाची पैठणी.

"दादा, मी डाळिंबी सांगितली होती."

"ताई, तुम्ही ज्या फोटोवर खूण केली तीच पाठवलीय."

दोघंही खरं बोलत होते. मावशीने पुरावा म्हणून मला स्क्रीनशॉट पाठवला. खाली लिहिलं होतं, "बघ, ही काय डाळिंबी नाही?" मी इंदिरानगरला घरी बसून तो उघडला. वांगीच होती, त्यात शंकाच नव्हती. संध्याकाळी तिच्याकडे गेले, तिच्या फोनवर तोच स्क्रीनशॉट पाहिला आणि मीच चक्रावले, कारण तिथे साडी चक्क डाळिंबी होती. दोन्ही फोन शेजारी ठेवल्यावर उलगडा झाला. तिच्या फोनच्या पांढऱ्या भागावर चहा सांडून वाळल्यासारखी छटा होती. नातवाने कधीतरी "आजी, डोळ्यांना बरं असतं" म्हणून एक सेटिंग चालू करून दिलं होतं आणि वेळ ठरवून न देता चोवीस तास तसंच सोडलं होतं.

या सेटिंगची नावं कंपनीगणिक बदलतात. आयफोनवर नाइट शिफ्ट, पिक्सेलवर नाइट लाइट, सॅमसंगवर आय कम्फर्ट शील्ड, शाओमीवर रीडिंग मोड. काम सगळ्यांचं एकच. पण ते काम नक्की कुठे होतं हे कळल्याशिवाय मावशीच्या स्क्रीनशॉटचं कोडं सुटत नाही. म्हणून आधी फोनच्या आत शिरू, मग डोळ्याच्या.

फोनच्या काचेखाली लाखो ठिपके असतात. आजच्या साध्या फोनवर आडवे १०८० आणि उभे २४०० धरले तर साधारण २६ लाख. प्रत्येक ठिपका लाल, हिरवा आणि निळा अशा अतिबारीक दिव्यांनी बनतो. जांभळा दिवा त्यात नसतोच. लाल आणि निळा शेजारी शेजारी लागतात, ते इतके बारीक असतात की डोळ्याला वेगळे दिसत नाहीत, आणि आपण म्हणतो जांभळा. येवल्याच्या विणकराला यात नवल वाटणार नाही. धूपछाव रंगाची साडी तो अशीच विणतो: उभा धागा एका रंगाचा, आडवा दुसऱ्या, आणि लांबून दिसतो तिसराच.

प्रत्येक बारीक दिव्याला फोन ० ते २५५ मधला एक आकडा देतो. ० म्हणजे बंद, २५५ म्हणजे पूर्ण. समजा मावशीच्या साडीचा वांगी रंग लाल ११०, हिरवा ४०, निळा ११० असा आहे. आता रात्रीचं सेटिंग चालू केलं की फोन काचेवर जाणाऱ्या प्रत्येक आकड्याला गुणतो. उदाहरणापुरते सोपे गुणक घेऊ: लालला १, हिरव्याला ०.७, निळ्याला ०.४. लाल ११० वरच राहिला, हिरवा २८ झाला आणि निळा ११० वरून ४४ वर आला. जांभळ्यातला निळा काढून घेतला की काय उरतं? डाळिंबी. पांढऱ्यालाही हाच हिशोब लागतो. २५५, २५५, २५५ होता तो २५५, १७८, १०२ झाला, म्हणजे गडद केशरट. मोरपंखी हिरवट दिसू लागतो, निळी जीन्स राखाडी होते. लाल आणि पिवळ्याला मात्र फारसा धक्का लागत नाही, म्हणून हळदी-कुंकवाचे फोटो रात्रीही बरे दिसतात.

गुणाकार हा शब्द महत्त्वाचा आहे. फोन पडद्यावर पिवळा रंग टाकत नाही, निळा कमी करतो आणि हिरवा थोडा कमी करतो. गणपतीच्या मखरात ट्यूबवर जिलेटिन कागद गुंडाळतात, तसंच हे. कागद स्वतः उजेड देत नाही, आलेल्या उजेडातला काही भाग अडवतो. म्हणून काळा काळाच राहतो, कारण शून्याला कशानेही गुणलं तरी शून्यच.

आता स्क्रीनशॉटचं. फोन चित्र आधी स्मृतीत पूर्ण तयार करतो: साडीचा फोटो, वरची बॅटरीची खूण, खालची बटणं, सगळं एकत्र. मग ते काचेकडे पाठवताना, अगदी शेवटच्या पायरीवर, हा गुणाकार होतो. घराला रंगीत काचेची खिडकी आहे असं समजा. बाहेरून बघणाऱ्याला आतली साडी डाळिंबी दिसते. पण स्क्रीनशॉट म्हणजे घरात उभं राहून काढलेला फोटो. त्यात खिडकीची काच येतच नाही. मावशीने घराच्या आतला फोटो मला पाठवला, मी तो माझ्या साध्या काचेतून पाहिला आणि वांगी दिसली. तोच फोटो तिने पुन्हा तिच्या रंगीत काचेतून पाहिला आणि डाळिंबी दिसली. तिला पुरावाच द्यायचा होता तर दुसऱ्या फोनने तिच्या फोनचा फोटो काढायला हवा होता.

पूर्वी असं नव्हतं. अँड्रॉइडमध्ये ही सोय आली नव्हती तेव्हा काही ॲप सगळ्या पडद्यावर एक अर्धपारदर्शक लालसर थर पसरवत. काचेवर पातळ गेरू फासावा तसा. त्याचे दोन तोटे होते. काळा रंग तपकिरी दिसायचा, कारण इथे गुणाकार नव्हता, वरून रंग चढवला होता. आणि तो थर चित्राचाच भाग असल्यामुळे बऱ्याचदा स्क्रीनशॉटमध्येही उतरायचा. मावशी त्या काळात असती तर भांडण जिंकली असती!

इतिहास थोडक्यात सांगते. ही कल्पना संगणकावर लोकप्रिय केली ती २००९ च्या सुमारास आलेल्या एफ.लक्स या छोट्या मोफत प्रोग्रॅमने. ॲपलने २०१६ च्या मार्चमध्ये आयओएस ९.३ बरोबर नाइट शिफ्ट दिलं. गूगलने त्याच वर्षी पिक्सेल फोनवर अँड्रॉइड ७.१ मध्ये नाइट लाइट आणलं, आणि २०१७ मध्ये ते विंडोज १० मध्येही आलं.

पडद्याच्या जातीवरून एक फरक पडतो. एलसीडी पडद्यामागे एक पांढरा दिवा सतत जळत असतो आणि पुढे बारीक झडपा उघडझाप करतात. तिथे निळा कमी करणं म्हणजे निळ्या झडपा ओढून घेणं, मागचा दिवा तेवढाच जळतो. ओलेड पडद्यात प्रत्येक ठिपका स्वतः पेटतो, त्यामुळे तिथे निळा दिवा खरोखर मंद होतो. एलसीडीमागचा तो 'पांढरा' दिवाही मुळात निळाच असतो. निळ्या एलईडीवर पिवळट चमक देणाऱ्या द्रव्याचा लेप देतात, दोन्ही मिसळून पांढरा होतो. तो निळा एलईडी बनवणं इतकं अवघड होतं की त्यासाठी इसामू आकासाकी, हिरोशी अमानो आणि शुजी नाकामुरा यांना २०१४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. घराघरातल्या एलईडी बल्बचीही हीच रचना, आणि ही गोष्ट पुढे लागणार आहे.

मावशीचा प्रश्न मात्र वेगळा होता. "मला कसं दिसलं नाही गं इतकं पिवळं?"

कारण पांढरं काय हे डोळा आणि मेंदू मिळून ठरवतात, आणि समोर जो उजेड असेल त्याला धरून ठरवतात. पिवळ्या बल्बखाली वहीचा कागद पिवळट उजेड परत पाठवतो, दुपारी अंगणात तोच कागद निळसर उजेड परत पाठवतो, पण दोन्ही वेळा आपण म्हणतो, कागद पांढरा. काही मिनिटांत डोळा जुळवून घेतो आणि जे सर्वांत उजळ दिसतं त्याला पांढरं मानून बाकीचे रंग त्यावरून मोजतो. रात्रीचं सेटिंग चालू केल्यावर पहिले दोन क्षण पडदा काविळीसारखा दिसतो, मग विसरायला होतं, ते यामुळेच. बंद केल्यावर उलट पडदा निळाशार भासतो. साडीच्या दुकानात आपल्या आया "जरा दारात नेऊन बघू का?" म्हणतात ते उगाच नाही. दुकानातल्या दिव्याखाली डोळा जुळवून घेऊन बसलेला असतो, दारात नेलं की त्याला पुन्हा पहिल्यापासून हिशोब करावा लागतो.

सेटिंगमध्ये एक सरकपट्टी असते आणि काही ठिकाणी तिच्यावर केल्व्हिन या तापमानाच्या एककात आकडे दिसतात. इथे हमखास गोंधळ होतो, कारण आकडा कमी केला की रंग ऊबदार होतो. लोहाराच्या भट्टीकडे बघा. लोखंड तापायला लागलं की आधी मंद लाल होतं, अजून तापलं की नारिंगी, मग पिवळं, मग पांढरं. आणखी तापवता आलं असतं तर निळसर झालं असतं. तापलेल्या वस्तूचा रंग आणि तिचं तापमान यांची अशी जोडी असते आणि तिलाच रंगाचं तापमान म्हणतात. मेणबत्ती साधारण १९०० केल्व्हिन, जुना तारेचा बल्ब २७०० च्या आसपास, आणि फोनचा नेहमीचा पांढरा ६५०० च्या जवळ ठेवतात, म्हणजे दिवसाच्या आभाळाचा उजेड. म्हणजे जास्त तापलेलं निळसर आणि कमी तापलेलं लालसर. 'ऊबदार' हे नाव शेकोटीच्या आठवणीने पडलंय, तापमानाच्या हिशोबाने नाही. अँड्रॉइडच्या नाइट लाइटची पट्टी ढोबळमानाने अडीच हजार ते चार हजारांच्या दरम्यान सरकते. विजेच्या दुकानात बल्बच्या खोक्यावर हेच आकडे असतात. आपण 'पिवळा एलईडी' म्हणतो तो २७०० किंवा ३००० चा, 'पांढरा' म्हणतो तो ६५०० चा.

'सूर्यास्त ते सूर्योदय' असा पर्याय निवडला की फोन तुमचं ठिकाण आणि तारीख यांवरून गणित करतो, आभाळाकडे बघत नाही. नाशिक साधारण २० अक्षांशावर आणि ७३.८ रेखांशावर आहे. आपली घड्याळं मात्र मिर्झापूरजवळून जाणाऱ्या ८२.५ रेखांशाची वेळ दाखवतात. एका अंशाला चार मिनिटं धरली तर रामकुंडावरचा सूर्य घड्याळाच्या जवळपास ३५ मिनिटं मागे असतो. म्हणून जूनअखेर आपल्याकडे सव्वासातपर्यंत उजेड रेंगाळतो आणि नोव्हेंबरअखेर सहाच्या जरा आधीच दिवस मावळतो. हिवाळ्यात तुमचा फोन सहा वाजताच पिवळा पडला तर बिघाड समजू नका. मात्र फोनला ठिकाण कळवायची परवानगी नसेल तर हा पर्याय नीट चालत नाही, मग हाताने वेळ घालावी लागते.

आता डोळ्याकडे.

शाळेत शिकलो ते एवढंच की डोळ्याच्या पडद्यात दोन तऱ्हेच्या पेशी असतात. शंकूपेशी रंग ओळखतात, दंडपेशी अंधुक उजेडात कामाला येतात. विसाव्या शतकाच्या शेवटापर्यंत बहुतेक शास्त्रज्ञांचंही एवढंच म्हणणं होतं. पण एक गोष्ट खटकत होती. काही पूर्ण अंध माणसांना काहीही दिसत नसताना त्यांच्या शरीराचं दिवसरात्रीचं चक्र उजेडाशी बरोबर जुळलेलं आढळत होतं. म्हणजे डोळ्यात असं काहीतरी आहे जे बघत नाही, पण उजेड आहे की नाही हे जाणतं. १९९८ मध्ये इग्नासियो प्रोव्हेन्सियो आणि सहकाऱ्यांना बेडकाच्या त्वचेतल्या पेशींत मेलॅनॉप्सिन नावाचं, उजेडाला प्रतिसाद देणारं द्रव्य सापडलं. मग ते माणसाच्या डोळ्यातही मिळालं, आणि २००२ मध्ये डेव्हिड बर्सन यांच्या गटाने दाखवून दिलं की डोळ्याच्या पडद्यातल्या मोजक्या चेतापेशी या द्रव्याच्या जोरावर स्वतःच उजेड ओळखतात आणि मेंदूतल्या घड्याळाला कळवतात. घड्याळ म्हणजे भुवयांच्या मध्यामागे, मेंदूच्या तळाशी असलेला हजारो पेशींचा पुंजका. तो पुढे मेंदूतल्याच पिनियल ग्रंथीला निरोप देतो, की अंधार झाला, मेलॅटोनिन सोड. मेलॅटोनिन हे झोपेचं औषध नव्हे, ती रात्र झाल्याची दवंडी आहे. शरीराचं तापमान, भूक, झोप ती ऐकून आपापली कामं बदलतात.

मेलॅनॉप्सिनला सर्वांत जास्त भावतो तो ४८० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा उजेड, म्हणजे निळा, किंचित हिरव्याकडे झुकलेला. दिवसाच्या आभाळाचा. लाल उजेडाला ते जवळजवळ आंधळं असतं. फोनमधला निळा कमी करण्यामागची सगळी मांडणी एवढ्यावर उभी आहे.

यासाठी मला फोटो स्टुडिओची डार्करूम आठवते. नाशिककराला तिची आठवण यावी हे बरोबरच आहे, दादासाहेब फाळके १८७० मध्ये इथल्याच त्र्यंबकेश्वरला जन्मले आणि चित्रपटाआधी त्यांनी फोटोग्राफी केली होती. डार्करूममध्ये लाल दिवा का असायचा? कृष्णधवल फोटोच्या कागदावरच्या रसायनाला निळा उजेड लागला की ते काळं पडतं, लाल उजेडाने नाही. म्हणून लाल दिव्यात माणसाला काम करता येतं आणि कागदाला अंधारच आहे असं वाटतं. रात्रीचा पिवळा-लाल पडदा हीच युक्ती आपल्या घड्याळावर करू बघतो: तुम्हाला दिसेल, पण घड्याळाला अंधार वाटेल.

पण डार्करूममध्ये काम केलेल्यांना एक गोष्ट ठाऊक होती. लाल दिवा फार जवळ ठेवला, फार मोठा लावला किंवा कागद त्याखाली फार वेळ पडून राहिला, तर तोही राखाडी व्हायचा. सुरक्षित दिवा 'पुरेसा मंद' असेल तोवरच सुरक्षित. फोनचा पिवळा पडदा तर लालही नसतो. त्यात हिरवा बराच उरतो आणि निळाही थोडा उरतो. आणि मेलॅनॉप्सिन शेवटी येणारा उजेड मोजतं, रंगाचं नाव वाचत नाही. पिवळा उजेड दुप्पट केला की निळा कमी केल्याचा फायदा बराचसा धुऊन जातो.

थोडं गणित करून बघा. चांगल्या फोनवर पांढरं पान पूर्ण ब्राइटनेसने फूटभर अंतरावर धरलं तर डोळ्यापाशी चाळीसेक लक्स (लक्स म्हणजे उजेड मोजायचं माप) उजेड पडतो. ब्राइटनेस पाव केला की दहा. फोन अर्ध्या फुटावर आणला, आणि अंथरुणात आपण आणतोच, की पुन्हा जवळपास चौपट. आता दिवाणखान्यातली पांढरी ट्यूब. बऱ्यापैकी उजळलेल्या खोलीत शंभर-दोनशे लक्स सहज असतात, आणि त्या ट्यूबचा रंग ६५०० केल्व्हिन, म्हणजे दिवसाच्या आभाळाचा. आपल्याकडे रात्री जेवणं उरकून, मालिका संपून ती ट्यूब बंद व्हायला अकरा वाजतात. तोवर आजी, आई, मुलं सगळी तिच्याखाली बसून आपापल्या फोनमध्ये निळा कमी करून घेतात! कौलं फुटलेली असताना दारातल्या थेंबासाठी पायपुसणं टाकायचं, त्यातला हा प्रकार. माझ्या मते हा या सेटिंगचा सर्वांत मोठा विनोद आहे. फोनवर रागावण्याआधी एक नजर वर छताकडे टाकावी.

प्रयोग काय सांगतात? २०१४ च्या अखेरीस हार्वर्डशी संलग्न संशोधकांनी एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात लोकांना झोपण्याआधी चार तास, पाच रात्री, पूर्ण उजळ टॅब्लेटवर वाचायला दिलं आणि दुसऱ्या पाच रात्री मंद दिव्यात छापील पुस्तक दिलं. टॅब्लेटच्या रात्री मेलॅटोनिन ठळकपणे कमी आढळलं आणि झोप लागायला सरासरी दहा मिनिटं जास्त लागली.  चार तास पूर्ण उजळ पडदा बघून दहा मिनिटं, हे प्रमाण लक्षात ठेवण्यासारखं आहे.

पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या लायटिंग रिसर्च सेंटरने थेट नाइट शिफ्टच तपासलं. बारा तरुण, आयपॅड, रात्री दोन तास. सेटिंगची पट्टी कमी ऊबदार आणि जास्त ऊबदार अशी दोन्ही टोकांना ठेवून पाहिली, मेलॅटोनिन दोन्हीकडे दबलं आणि दोन्हींत लक्षणीय फरक सापडला नाही. ब्राइटनेस कमी केल्याशिवाय नुसता रंग बदलून भागत नाही, असा त्याचा अर्थ. २०२१ मध्ये अमेरिकेतल्या ब्रिगम यंग विद्यापीठाने १६७ तरुणांचे तीन गट केले: झोपण्याआधी नाइट शिफ्टसह फोन, नाइट शिफ्टशिवाय फोन, आणि फोनच नाही. एकूण झोपेत तिन्ही गटांत फरक दिसला नाही. मात्र ज्यांची झोप आधीच पुरेशी होती त्यांच्यात फोन न घेणारे थोडे बरे झोपले.

यातून सेटिंग निरुपयोगी ठरत नाही, पण त्याची जागा ठरते. फोनमुळे झोप उडते त्याचं एक कारण उजेड, दुसरं फोनमध्ये जे चाललेलं असतं ते. सोसायटीच्या ग्रुपवर पार्किंगवरून पेटलेलं भांडण २७०० केल्व्हिनमध्ये वाचलं तरी भांडणच राहतं.

डोळ्यांच्या थकव्याबद्दलही हेच. फोनचा निळा उजेड डोळे खराब करतो म्हणून चष्म्याच्या दुकानात निळा अडवणाऱ्या काचा सुचवतात. २०२३ मध्ये कॉक्रेन या संस्थेने अशा चष्म्यांवरच्या १७ चाचण्यांचा एकत्र आढावा घेतला. डोळ्यांचा थकवा कमी होण्यात साध्या काचांच्या तुलनेत, निदान थोड्या काळासाठी, बहुधा काही फायदा नाही असं त्यात निघालं. पडदा बघताना आपण पापण्या कमी मिटतो, डोळे कोरडे पडतात. त्याला रंगाने काही होत नाही. दुपारच्या आभाळातून येणारा निळा उजेड फोनच्या कितीतरी पट असतो, आणि तो आपण रोज सोसतो.

एक खरा फायदा मात्र फार कुणी सांगत नाही, आणि तो शहरापेक्षा निफाड-दिंडोरीकडच्या लोकांच्या कामाचा आहे. शेताला थ्री फेज वीज रात्रीची असली की मोटर चालू करायला अंधारात जावं लागतं, आणि निफाडकडे बिबट्याची धास्ती सोबत असते. अंधारात बघणाऱ्या दंडपेशी पूर्ण जागं व्हायला वीस-तीस मिनिटं घेतात. मधेच पूर्ण उजळ, पांढरा फोन बघितला की ती कमाई क्षणात जाते आणि वर बघितल्यावर बांधही दिसत नाही. दंडपेशींना निळा-हिरवा उजेड जास्त लागतो आणि लाल फार कमी, म्हणून पडदा शक्य तितका लालसर आणि मुख्य म्हणजे शक्य तितका मंद असेल तर दृष्टी कमी विस्कटते. इथेही लाल पडदा म्हणजे जादू नाही, फोनच्या पिवळ्यात हिरवा असतोच. पण झगझगीत पांढऱ्यापेक्षा नक्की बरं. काही फोनमध्ये पडदा पूर्ण लाल करणारा पर्याय 'ॲक्सेसिबिलिटी'च्या रंगांच्या सेटिंगमध्ये सापडतो. शिवारात तो जास्त उपयोगी.

मग घरात काय करायचं? रात्री नऊच्या पुढे छताची पांढरी ट्यूब बंद करून कोपऱ्यातला पिवळा बल्ब लावा. माझ्या घरी हाच बदल सर्वांत आधी केला आणि खर्च एका बल्बचा आला. फोनचा ब्राइटनेस हाताने खाली ओढा. नव्या अँड्रॉइडमध्ये 'एक्स्ट्रा डिम' आणि आयफोनमध्ये 'रिड्यूस व्हाइट पॉइंट' मिळतं, त्याने नेहमीच्या किमान पातळीखालीही जाता येतं. डार्क मोड ही वेगळी गोष्ट आहे, त्यात रंग बदलत नाहीत, पांढरं पान काळं होतं. पण एकूण उजेड कमी करण्यात त्याचा वाटा मोठा, विशेषतः ओलेड पडद्यावर. या सगळ्यावर पिवळी छटा हवी तर खुशाल ठेवा, डोळ्यांना मऊ वाटते हेही कारण पुरेसं आहे. आयफोनवर ट्रू टोन नावाचं आणखी एक सेटिंग असतं. ते खोलीतल्या उजेडाप्रमाणे पडद्याचा पांढरा बदलतं, दिवसाही. रंग पक्का करताना दोन्ही बंद हवीत.

मावशीने पैठणी परत पाठवली नाही. वांगी रंगावर सोनेरी काठ उठून दिसतो, असं तिची जाऊ म्हणाली आणि तिथेच विषय मिटला. फोनचं सेटिंगही तिने काढलं नाही, "पांढरा पडदा आता खुपतो" म्हणते. त्या विणकराचे नवे फोटो आले की मात्र आधी माझा फोन वाजतो: "अगं, ते पिवळं कुठून घालवायचं म्हणालीस?"